कोणता वार?

“बाहेर तर सगळीकडे आहे ना, काका!”

२०२४ च्या डिसेंबरात, २६ तारखेच्या रात्री, इंदूरला राजेंद्रनगरमधल्या आमच्या घरी हे वाक्य माझ्या अंगावर आलं. अजून उतरलेलं नाही. इथे स्टॉकहोमला टी-बानात, म्हणजे मेट्रोत, उभा असलो, ट्वेत्तस्तुगात, म्हणजे इमारतीच्या सामाईक धुलाईखोलीत, मशीन थांबायची वाट बघत असलो की ते आठवतं आणि मी मनातल्या मनात पुन्हा उत्तर द्यायला लागतो.

दादाच्या मुलाने मित्र जमवले होते. मँचेस्टर युनायटेड विरुद्ध वुल्व्ह्ज, बॉक्सिंग डेची मॅच, म्हणजे आपल्याकडे रात्री अकराला सुरू. पाच पोरं, दोन रजया, मधे गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, परात, वर जिरावण मसाला इतका की गराडू शोधावा लागे. पहिल्या हाफमध्ये एकजण ओरडला, “वार बघ रे, वार बघ!” स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, “कोणता वार बघायचाय? गुरुवार आहे. बारा वाजल्याशिवाय या घरात अंडं फुटणार नाही.” पोरांनी ऑम्लेट मागितलं होतं, त्याचं हे उत्तर.

वार म्हणजे व्हीएआर, व्हिडिओ असिस्टंट रेफरी. मैदानापासून दूर एका खोलीत पडद्यांसमोर बसलेले पंच रिप्ले बघून मैदानावरच्या पंचाच्या कानात सांगतात, की बाबा रे, चुकलास. दुसरा हाफ सुरू झाल्या झाल्या युनायटेडच्या ब्रुनो फर्नांडिसला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि तो बाहेर गेला. तोवर तारीख पालटली होती, वार बदलला होता, ऑम्लेटं आली होती. पोरं किंचाळायला लागली, वारने बघायला पाहिजे, वारने बघायला पाहिजे. मला माहिती द्यायची वाईट खोड आहे. दादा म्हणतो, याला काही विचारू नका, हा सांगतो. मी सांगितलं, की व्हीएआर चारच गोष्टी बघतो. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि शिक्षा चुकीच्या माणसाला झाली का ते. दुसरं पिवळं तेव्हा त्या यादीत नव्हतं. कुणी ऐकलं नाही. मग वुल्व्ह्जच्या कुन्याचा कॉर्नर हवेत वळून सरळ जाळ्यात गेला. गोलकीपर मला अडवलं म्हणून तक्रार करत राहिला, गोल कायम राहिला. शेवटी ०-२.

सुतकात बसल्यासारखी पोरं बसली आणि अशा वेळी होतं तेच झालं, चर्चा देशावर घसरली. आपल्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, एवढंही नाही. आपले रेफरी आंधळे. केरळवाले मैदान सोडून गेले ते बरोबरच केलं. भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या अध्यक्षांनी २०२३ मध्येच कमी खर्चातल्या ‘व्हीएआर-लाइट’ची गोष्ट काढली होती, कुठे गेलं ते लाइट? आणि मग पुतण्याने निकाल दिला, “अपन पिछडलेलेच राहणार यार. बाहेर तर सगळीकडे आहे ना, काका!”

‘काका’ हा शब्द तिथे साक्षीदार म्हणून आला होता. मी बाहेरचा. मी फक्त हो म्हणायचं होतं.

आता मी सतरा वर्षं ज्या देशात राहतो, तो नेमका तो देश आहे ज्याने व्हीएआर नको म्हणून सांगितलं. युरोपातल्या सगळ्या बऱ्या लीगनी ते घेतलं, स्वीडनने नाही घेतलं. पैसे नाहीत म्हणून नाही, यंत्र जमत नाही म्हणूनही नाही. इथे भाजीच्या बाजारातसुद्धा रोख पैसे दाखवले तर माणूस संशयाने बघतो. नको म्हटलं कारण प्रेक्षकांना नको होतं, आणि इथे प्रेक्षकांना विचारावं लागतं. क्लबच्या कंपनीत ५१ टक्के मतं सभासदांच्या संस्थेकडे असायलाच हवीत असा नियम आहे. कुणी अरब शेख किंवा अमेरिकन फंड आला तरी त्याला उरलेल्या ४९ मध्ये बसावं लागतं. सभासद म्हणजे वर्षाची वर्गणी भरलेला कोणीही. त्या कोणीहींनी वार्षिक सभांमध्ये एकामागून एक ठराव केले, वरच्या दोन डिव्हिजनमधल्या ३२ क्लबांपैकी १८ नी नको म्हटलं आणि एप्रिल २०२४ मध्ये फेडरेशनने हात टेकले. तेव्हा फेडरेशनचे अध्यक्ष होते फ्रेड्रिक राइनफेल्ड, देशाचे माजी पंतप्रधान. माजी पंतप्रधानाला उभ्याच्या स्टँडमधल्या, ओठाखाली स्नूसची, म्हणजे तंबाखूची, पुडी ठेवणाऱ्या पोरांनी नाही म्हणून सांगितलं आणि तो बरं म्हणाला. हे मी त्या रात्री रजईवर बसून फार रंगवून सांगितलं. आवाजही जरा चढला असेल. “आम्ही नको म्हटलं,” असं म्हणालो. आम्ही.

पुतण्या म्हणाला, “म्हणजे काका, तुम्ही पण वोट दिला?”

मी मान हलवली आणि गराडू उचलला. त्यावर मागाहून येतो.

आधी केरळचं. कारण त्या रात्रीचा सगळ्यात चुकीचा मुद्दा तो होता आणि तो मला तेव्हा नीट खोडता आला नाही. ३ मार्च २०२३, बंगळुरू, आयएसएलमधला बंगळुरू विरुद्ध केरळ बाद फेरीचा सामना, जादा वेळेतलं ९६ वं मिनिट. केरळचा गोलकीपर अजून भिंत लावतोय, बंगळुरूच्या सुनील छेत्रीने शिट्टीची वाट न बघता फ्रीकिक मारली, गोल. केरळचे कोच पोरांना घेऊन चालते झाले. नंतर क्लबला ४ कोटींचा दंड आणि कोचवर दहा सामन्यांची बंदी. पोरांचं म्हणणं, व्हीएआर असता तर हे झालंच नसतं. अरे, कसं झालं नसतं? ती किक झटपट घेऊ द्यायची की थांबवायची, हे मैदानावरच्या पंचाने ठरवायचं. रिप्लेत काय दिसलं असतं? बॉल जाळ्यात जाताना दिसला असता. तो तर सगळ्यांना दिसलाच होता. भांडण नजरेचं नव्हतंच, नियमाचं होतं. आणि आपल्याकडची भांडणं बहुतेक अशीच असतात. कॅमेरा लावला की मिटतील असं वाटतं, आणि मग कळतं की दिसत तर सगळ्यांना होतंच.

गंमत म्हणजे त्याच ३ मार्चच्या सकाळी आमच्या होळकर स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाने तिसऱ्याच दिवशी कसोटी खिशात घातली होती. त्या कसोटीचा पहिलाच चेंडू आठवतो? स्टार्कचा चेंडू रोहितच्या बॅटची कड घेऊन कीपरकडे गेला, पंचाने नाही म्हटलं आणि ऑस्ट्रेलियाने रिव्ह्यूच घेतला नाही. नंतर पडद्यावर रेघ उडालेली सगळ्यांनी पाहिली. यंत्र होतं, चालू होतं, इंदुरात होतं, कुणी विचारलं नाही एवढंच. आणि खेळपट्टीचं तर अजून पुढे आहे. आयसीसीने आधी तिला ‘खराब’ शेरा दिला, बोर्डाने अपील केलं, मग त्यांनी सामन्याचं चित्रण पुन्हा बघून शेरा सौम्य केला. खेळपट्टीसुद्धा रिप्लेवर सुटली. हे मी इथल्या ऑफिसात फिकाला, म्हणजे कॉफीच्या सुट्टीत, सांगून पाहिलं. स्वीडिश माणसाला कसोटी क्रिकेट समजावायला कानेलबुल्लेची, म्हणजे दालचिनीच्या पावाची, अख्खी परात संपते आणि शेवटी तो विचारतो, पण जिंकलं कोण?

क्रिकेटचं उदाहरण पोरांनीही दिलंच होतं. क्रिकेटमध्ये चालतं, मग इकडे काय झालं? मी म्हटलं, क्रिकेट दर चेंडूनंतर आपणहून थांबतं. त्या फटीत तुम्ही रिप्ले बसवा, जाहिरात बसवा, पाणी पाजा. नोव्हेंबर १९९२ मध्ये डरबनला पडद्यावर बघून पहिला धावबाद दिला तो आपल्या सचिनलाच, तेव्हाही कुणाचं काही अडलं नाही. फुटबॉल चालू असतो. त्याला थांबवावं लागतं. आणि हेही सांगितलं, की याच आपल्या बोर्डाने डीआरएसला २०१६ च्या अखेरपर्यंत ठाम नकार दिला होता, अख्खं जग वापरत असताना. तेव्हा ‘बाहेर तर सगळीकडे आहे’ असं म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण तेव्हा पैसा आपला होता. म्हणजे बाहेरचं प्रमाण आपण आपल्या सोयीने मानतो. हे मी म्हणतोय, जो बाहेरच्याच प्रमाणावर भांडत होता, हे माझ्या आत्ता लिहिताना लक्षात येतंय. असो.

मला राग कशाचा येतो ते नीट सांगायला हवं. यंत्र वाईट, असं मी म्हणत नाही. गोल-रेषेचं तंत्र मला मान्य आहे. चेंडू रेषेपार गेला की नाही याचं उत्तर एकच असतं आणि ते पंचाच्या मनगटावरच्या घड्याळात सेकंदात येतं. ६ ऑगस्ट २०२३ ला मेलबर्नला स्वीडनच्या बायकांनी अमेरिकेला पेनल्टींवर बाहेर काढलं, ते लीना हुर्तिगच्या किकवर. अमेरिकेच्या गोलकीपरला वाटलं मी वाचवला. चेंडू काही मिलिमीटर आत गेला होता. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी, ज्यांनी इतक्या वर्षांत ‘हेय’च्या पुढे माझ्याशी शब्द टाकला नव्हता, त्या जिन्यात मला कडकडून भेटल्या. त्या दिवशी यंत्राविरुद्ध बोलायची कुणाची इच्छा नव्हती. माझीही नव्हती.

पण व्हीएआर हे घड्याळ नव्हे. ती दुसऱ्या माणसांची दुसरी मतं आहेत, फक्त सावकाश दाखवलेली. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये पाच दिवसांत स्वीडनने दोन्ही बाजू पाहिल्या. १८ जूनला कोरियाविरुद्ध खेळ पुढे गेलेला असताना मागे बोलावून पेनल्टी दिली, ग्रानक्विस्टने मारली, जिंकलो. २३ जूनला सोचीत जर्मनीच्या बोआटेंगने आमच्या बेर्गला मागून आडवा केला, खोलीतल्या मंडळींना त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि ९५ व्या मिनिटाला क्रोसने आमची मान कापली. तीच खोली, तोच नियम, ‘ढळढळीत चूक असेल तरच’. ढळढळीत कुणाच्या डोळ्यांना?

ऑफसाइडचं तर विचारू नका. प्रक्षेपणाचा कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं घेतो. धावणारा खेळाडू सेकंदाला आठ मीटर सहज कापतो. दोन चित्रांच्या मधल्या फटीत तो १६ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, आणि आपण तिथे निळ्या-तांबड्या रेघा ओढून बोटाचं नख मोजतो. आता नवं तंत्र आलंय, २०२२ च्या कतारमध्ये चेंडूतच यंत्र बसवलं होतं, सेकंदाला ५०० वेळा सांगणारं. मापाचा प्रश्न त्याने सुटेल. पण नख पुढे असणं हा फायदा घेणं आहे का, हे चेंडूतलं यंत्र कसं सांगणार?

एप्रिल २०२४ मध्ये, म्हणजे इथे नको ठरलं त्याच महिन्यात, वेम्बलीला एफए कपच्या उपांत्य सामन्यात खालच्या डिव्हिजनच्या कोव्हेंट्रीने ०-३ वरून ३-३ केलं आणि जादा वेळ संपता संपता चौथाही मारला. हजारो माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. मग खोलीतून निरोप आला, पायाचं बोट पुढे होतं. गोल रद्द, पेनल्टींवर हार. समोर कोण होतं? युनायटेड. म्हणून आमच्या पुतण्याला वार आवडतो. माझं म्हणणं, त्या माणसांना आनंद झाला होता की नव्हता? झालेला आनंद मागाहून रद्द कसा करता येतो? वहिनी यावर म्हणाल्या, “का नाही येत? लग्नं मोडतात की.” वहिनींशी मी वाद घालत नाही.

नॉर्वेत प्रेक्षकांनी व्हीएआरच्या निषेधात मैदानावर फिश केक फेकले, इतके की जुलै २०२४ मध्ये रोझेनबोर्ग-लिलेस्ट्रोमचा सामनाच सोडून द्यावा लागला. (फिश केक वाया घालवणारा नॉर्वेजियन म्हणजे प्रकरण किती गंभीर ते कळावं. आपल्याकडे कुणी शेव फेकेल का?) २०२५ च्या सुरुवातीला त्यांच्या क्लबांनी १९ विरुद्ध १३ मतांनी काढून टाका म्हटलं. पुढे त्यांच्या महासभेने ठेवायचंच ठरवलं, तो भाग मी राजेंद्रनगरच्या पुढच्या चर्चेत सांगेनच असं नाही. इंग्लंडात जून २०२४ मध्ये मतदान झालं, ठेवा म्हणणारे १९, काढा म्हणणारा एक. तो एक म्हणजे वुल्व्ह्ज, ज्यांनी त्या रात्री युनायटेडला दोन मारले. हा योगायोग मला मॅच संपल्यावर पाऊण तासाने आठवला, तोवर पोरं झोपली होती. मी दादाला उठवून सांगितलं. तो म्हणाला, “झोप आता.”

पण माझा मुद्दा मतं कुणीकडे पडली हा नव्हताच. मतं पडली, हा होता. पुतण्याच्या वाक्यात ‘बाहेर’ म्हणजे एक जागा आहे जिथे गोष्टी ठरलेल्या असतात, आणि आपलं काम फक्त त्या लवकरात लवकर आणणं. आपल्या फुटबॉलच्या माणसाला कधी कुणी विचारलंय? २०२५ च्या जुलैत तर लीगच लटकली, पुढचा हंगाम कोण चालवणार याचाच करार होईना. पोरांनी तक्रार कुठे करायची? कोलकात्यातला पिढीजात मोहन बागानवाला असो की इंदुरात बसून रात्री जागणारा, त्याच्या हातात तिकीट आहे, जर्सी आहे, मत नाही. आधी मत मागा, मग व्हीएआर मागा. फिफाने एक स्वस्तातला प्रकारही तपासून बघितलाय. त्यात खोली नाही, कोचलाच सामन्यात दोनदा रिव्ह्यू मागता येतो, आपल्या डीआरएससारखा. आपल्याला कदाचित तोच परवडेल आणि तोच रुचेल. पण तो आपल्याला हवा म्हणून यावा. ‘बाहेर आहे’ म्हणून आला की पंच तेच राहतील आणि आपण कॅमेऱ्यांना शिव्या द्यायला लागू.

चिमणबागेत आम्ही खेळायचो तेव्हा खांब म्हणजे दप्तरं. वरचा आडवा दांडा नव्हता, म्हणून नियम असा होता की गोलकीपरच्या हाताच्या वरून गेला तर बाहेर. परिणाम असा की दोन्ही संघ सगळ्यात बुटक्या पोराला गोलात उभं करायचे. त्यामुळे तीन वर्षं मी गोलकीपर होतो. वाद झाला की निकाल चणेवाला द्यायचा, कारण त्याची टोपली नेमकी त्या बाजूला असायची आणि तो तटस्थ समजला जाई. पुढे आमच्या लक्षात आलं, की ज्या बाजूची पोरं खेळानंतर चणे घेतात त्या बाजूचे गोल त्याला स्पष्ट दिसतात. म्हणून मग आम्हीही चणे घ्यायला लागलो. त्याला बदलावं असं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आता ते मान हलवण्याचं.

मी इथल्या एका क्लबचा सभासद आहे. नाव सांगत नाही. या शहरात मोठे क्लब तीन आहेत आणि इथली मराठी मंडळीही त्यात वाटली गेली आहेत. वर्गणी बारा वर्षं न चुकता भरतोय, बांक-आयडीवर, म्हणजे फोनवरच्या ओळखपत्रावर, एक बोट टेकवलं की झालं. पाऊस असो, एप्रिलमधला बर्फ असो, शनिवारी सिस्टेमबोलागेट, म्हणजे सरकारी दारूचं दुकान, बंद व्हायच्या आत सोय करायची, हातात कोर्व, म्हणजे सॉसेज, घेऊन जागेवर उभं राहायचं. गाणी पाठ आहेत. काही शब्दांचे अर्थ अजून माहीत नाहीत, पण ओरडायला अर्थ लागत नाही.

मार्चमधल्या त्या वार्षिक सभेला मी गेलो होतो. दारात नाव तपासून मतदानाचं कार्ड दिलं, आणि ते पिवळं होतं. मी शेजारच्याला म्हटलं, अजून एक मिळालं तर बाहेर जावं लागेल. तो हसला नाही. सत्तरीचा माणूस, बापाचं आणि आजोबांचं नाव याच क्लबच्या दप्तरात असलेला. माझी विचारपूस त्याने फार नीट केली. कुठला, कधीपासून येतोस, छान. एवढंच. वाईट काहीच बोलला नाही. विषय पुकारला गेला, भाषणं झाली. मला तीन चतुर्थांश कळली. एक मुलगी बोलायला उभी राहिली, विशीतली. ती म्हणाली की गोल झाला की मला माझ्या शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारता आली पाहिजे, परवानगीची वाट न बघता. टाळ्या कडाडल्या. मग अध्यक्षांनी विचारलं, आणि सभागृहभर पिवळी कार्डं वर गेली.

माझं गुडघ्यावर राहिलं.

सबबी दोन आहेत. एक अशी, की आदल्याच मोसमात आम्ही एका ढळढळीत ऑफसाइड गोलवर हरलो होतो आणि मी रात्री दोनपर्यंत तोच तुकडा पुढे-मागे करत बसलो होतो. चौदा वेळा तरी पाहिला असेल. म्हणजे माझ्या घरातल्या खोलीत मी एकट्याचा व्हीएआर चालवत होतो आणि मला तो हवा होता. ही सबब खरी आहे, पण तेवढीच नाही. दुसरी अशी की मला वाटलं, हे यांचं आहे. यांनी ठरवावं. मी उचललेला हात त्या रांगेत वेगळा दिसेल, शेजारचा वळून बघेल, कदाचित कौतुकानेच बघेल, आणि मला ते कौतुक नको होतं. पासपोर्ट बदलून नऊ वर्षं झाली. संसदेच्या निवडणुकीत मी मत देतो, पडद्यामागे, पाकिटात घालून. उघड हात वर करायचा म्हटल्यावर खांदा जड झाला. अध्यक्षांनी लाकडी हातोडा आपटला. ठराव मंजूर. मीही टाळ्या वाजवल्या, कार्ड काखेत धरून.

आणि तेच मी नऊ हजार रुपयांची बॅग ओढत इंदूरला जाऊन ‘आम्ही नको म्हटलं’ म्हणून पोरांना ऐकवलं. या देशात मी इंदूरचं सांगतो, भारतातलं सगळ्यात स्वच्छ शहर, २०१७ पासून, माहिती आहे का? त्या देशात स्टॉकहोमचं सांगतो. इथल्या मंडळात पुण्याचे लोक माझ्या मराठीतलं हिंदी काढून दाखवतात, दादाची मुलं माझ्या मराठीतली हिंदी कमी झाली म्हणून हसतात. “काका, तुम्ही पुस्तकासारखं बोलायला लागलात यार.”

त्या मॅचनंतरच्या रविवारी कॉलनीची मीटिंग होती. बागेत, उन्हात, सतरंजीवर. विषय एकच, बागेत सीसीटीव्ही लावायचे का. पोरं क्रिकेट खेळतात, काचा फुटतात, कबूल कुणी करत नाही. एक आजोबा म्हणाले, काच कुणी फोडली ते मला आवाजावरून कळतं, कॅमेरा कशाला. एक बाई म्हणाल्या, बाहेरच्या सगळ्या कॉलन्यांत लागलेत, आपणच राहिलोय. मी दादाकडे पाहिलं, दादाने मुद्दाम माझ्याकडे पाहिलं नाही. वाद बराच चालला, पोह्यांचं पातेलं आलं, चहा झाला. सेक्रेटरीकाकांनी माणसं मोजली. कोरमला एक कमी पडत होता.

दादा म्हणाला, “तू ये इकडे. बस.”

मी म्हटलं, “अरे, मी कुठे इथला सभासद?”

“बस म्हटलं ना.”

बसलो. लावायचे म्हणणाऱ्यांनी हात वर करा, म्हणाले. मी हात वर केला. का केला ते विचारू नका. व्हीएआरच्या विरोधात रात्री दीडपर्यंत बोललेला माणूस मी. पण हात गेला, लगेच गेला, कोपरापासून सरळ. सेक्रेटरीकाकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग वहीत पाहिलं. ती वही बाबांच्या वेळेपासूनची आहे. घर अजून बाबांच्या नावावर आहे, ते कागद बदलायचे राहिलेत, बाबांना जाऊन चार वर्षं झाली. काकांचं बोट ओळीओळीने खाली गेलं, बाबांच्या नावापाशी थांबलं, आणि त्यांनी पुढे बरोबरची खूण केली.

“तेवीस,” म्हणाले. “घ्या पोहे.”